लाकडी बैलाचा सौदा

पोळा जवळ आला की सेलूच्या बाजारात लाकडी बैल उतरतात. रस्त्याच्या कडेला पोती अंथरून ओळीनं उभे केलेले, काही तळहातावर मावणारे, काही लहान मुलाला पाठीवर घेतील एवढे. चाकांचा रंग अजून ओला असतो. त्या ऑइल पेंटचा वास आमच्या दुकानापर्यंत येतो. दुकान आमचं बांगड्या-टिकल्यांचं, पण या दिवसांत टिकल्या कोण विचारतो? गोंडे द्या, चमकी द्या, शिंगांना लावायचं बेगड द्या. गिऱ्हाइकांची झुंबड, वर श्रावण सरतानाचा तो चिकट उकाडा, आणि अशात तो वास आला की मी हातातली रिबीन तशीच धरून उभी राहते. विलास, म्हणजे माझा नवरा, गल्ल्यावरून म्हणतो, "अवं, गिऱ्हाईक उभं आहे ना." त्याला ठाऊक असतं मी कुठे गेले आहे ते, पण गिऱ्हाईकही खरंच उभं असतं.

एखादा हंगाम परत आला की लोकांना काहीतरी हरवलेलं आठवतं, डोळे भरून येतात. माझं उलटं आहे. मला हरवता हरवता परत मिळालेलं आठवतं, आणि मनावरचं ओझं नव्यानं उतरतं. खरं तर ते ओझं एकदाच उतरलं होतं, एका सोमवारी, वर्ध्यात. पण दर पोळ्याला मी ते पुन्हा उतरवून घेते. फुकटचं सुख आहे, कशाला सोडायचं?

माझे बाबा बैलांचे दलाल. घर सिंदी रेल्वेला, पण आठवड्यातले चार दिवस ते बाजारांमध्येच असायचे. कोणाच्या गोठ्यात कोणती जोडी आहे, कोणता बैल उजवीकडे चालतो, कोणता पाण्याला बुजतो, सगळं तोंडपाठ. आणि आवाज असा, की दोन घरं सोडून राहणाऱ्या माणसाला चहाला बोलवायचं तर ते ओट्यावरूनच बोलवायचे. सिंदीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लहान पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि घरोघरचा बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, गोळा करतात. त्या दिवशी बाबा आमच्या ओट्यावर बसून प्रत्येक लाकडी बैलाची तपासणी करायचे. "दात दाखव रे याचे," म्हणायचे, आणि पोरं खरोखर वाकून बैलाच्या तोंडात बघायची.

त्या सोमवाराच्या वर्षी उन्हाळ्यात बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाय हळूहळू थोडा परत आला, काठी धरून चार पावलं टाकू लागले. वाचा आली नाही. मी एकुलती एक, म्हणून त्यांना आणि आईला सिंदीहून आमच्याकडे सेलूला घेऊन आले. दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी त्यांची खाट टाकली.

बोलता येत नाही हे आम्ही सोसलं असतं. मुकी माणसं काय संसार करत नाहीत? पण आम्हाला छळत होता तो दुसराच प्रश्न. बाबांना आपलं बोलणं कळतं का? आत कोणी आहे का? "बाबा, चहा घ्याल?" विचारलं की मान हो म्हणायची. "चहा नको ना?" विचारलं तरी तीच मान हो म्हणायची. मी चित्रांचा एक तक्ता आणला, पाण्याचा पेला, ताट, खाट, पंखा. बोट ठेवा म्हटलं तर त्यांनी तो तक्ता डाव्या हातानं भिरकावला. त्या भिरकावण्यात राग होता की नुसताच हात होता, तेही समजेना. डॉक्टर चांगले होते. त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, आज काही सांगता येत नाही, तुम्ही मात्र बोलत राहा.

आई बोलत राहिली. तशी ती आयुष्यभर कमी बोलणारी, कारण बाबांच्या आवाजापुढे कोणाची पाळीच यायची नाही. आता पाळी आली तर तिनं मनातलं सगळं बाहेर काढलं. सकाळी त्यांना तेल लावताना, दुपारी भाजी निवडताना. नणद तिला लग्नात कसं घालून पाडून बोलली. बाबांच्या आवडत्या जोडीच्या घुंगरमाळा तिनं एका वर्षी त्यांना न विचारता भंगारवाल्याला कशा दिल्या, आणि ते महिनाभर शोधत राहिले तेव्हा तीही कशी त्यांच्याबरोबर शोधत राहिली. मी दुकानातून ऐकायची आणि तोंडाला पदर लावून हसायची.

आणि आषाढातल्या एका दुपारी मी दारात आले तेव्हा आई वेगळंच काही बोलत होती. त्या दिवशी बाबा खाटेवरून उतरताना पडले होते आणि त्यांना उचलता उचलता तिची कंबर धरली होती. ती त्यांच्या पायाशी बसून म्हणत होती, "अजी, सुटा तुमी आता. मले पाहवत नाई. देवाले मी हेच मांगून राह्यली." मी तशीच मागे फिरले. संध्याकाळी पोळ्या लाटताना आईनं मला विचारलं, "नंदे, त्यायले समजत असन का व?" मी म्हटलं, "काय माहीत." तिचं लाटणं थांबलं. आपला माणूस आपल्याला समजून घेतो आहे, असं तिला मनापासून हवं होतं. आणि त्या एका दुपारपुरतं तरी त्यानं समजू नये, असंही हवं होतं. दोन्ही एकदम कसं मागायचं, ते तिला कळत नव्हतं.

बाबांची एक सवय मात्र वाढत चालली होती. कोणी जवळ बसलं की ते डाव्या हातानं त्याचा हात पकडायचे, आणि चादरीचं टोक ओढून दोघांच्या हातांवर घ्यायचे. मग बोटं आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे. आईनं निदान केलं, थंडी वाजते. लकव्याच्या माणसाचं रक्त थंड होतं, असं तिला शेजारच्या बाईंनी सांगितलं होतं. तिनं चादरीवर सोलापुरी चादर घातली. बाबांनी तीही हातांवर ओढली. मग गोधडी आली. पंखा बंद झाला. श्रावणात आम्ही सगळे घामानं निथळत असताना बाबा तीन पांघरुणांखाली, तांबडेलाल, आमचा हात घट्ट धरून पडलेले असायचे. आणि आम्ही म्हणायचो, बिचाऱ्यांना किती थंडी वाजते.

सोमवारी आमचं दुकान बंद असतं. पोळ्याच्या आधीचा तो सोमवार आम्ही वर्ध्याच्या कामांना काढला. कामं बरीच साठली होती. बाबांची तपासणी, आईच्या चष्म्याची काडी, मिक्सरचं गळणारं भांडं, माझी लेक ओवी हिला तान्ह्या पोळ्यासाठी बैल, आणि बाबांसाठी एक चांगलं जाड ब्लँकेट. ओवीची शाळा बुडवली. ती दुसरीत होती, तिला त्याचं मुळीच दुःख नव्हतं. बाबांना पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला. मागे आम्ही तिघी. आईचा उपवास, मांडीवर साबुदाण्याचा डबा.

सेलू सोडलं की दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याच्या वर आलेली, मधे तुरीची तासं, सोयाबीन दाट. एका शेतात तण काढायला, डवरणीला जोडी जुंपलेली दिसली. आईनं पुढे वाकून म्हटलं, "पाहा ना अजी, जोडी कशी आहे." बाबांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, कोण जाणे. आई मागे टेकून बसली. आरशात मला विलासचे डोळे दिसले, त्यानं ते लगेच रस्त्याकडे वळवले.

डॉक्टरांकडे लवकर सुटका झाली. पाय बरा आहे, रक्तदाब बरा आहे, बाकी आहे तसंच. हे 'आहे तसंच' ऐकायला आम्ही इतक्या लांबून आलो, असं आईच्या तोंडावर दिसलं. चष्म्याची काडी बसली. मिक्सरचं भांडं दुरुस्त होण्यापलीकडे गेलं होतं. मग ब्लँकेटच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पंख्याखालून आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "या उकाड्यात ब्लँकेट कोनाले?"

"आमच्या यायले," आई बाहेर गाडीकडे बोट दाखवून म्हणाली. "त्यायले लय थंडी वाजते, बाप्पा. सारखे पांघरूण ओढून राह्यते."

सगळ्यात जाड होतं ते घेतलं. तपकिरी, वाघाचं तोंड असलेलं.

विलास म्हणाला, बैल जुन्या बैलबाजाराकडे मिळतील, तिथे आता नवीन केलं आहे सगळं, ओवीलाही दाखवू. आई दचकली. "तिकडं नको," म्हणाली. मला वाटलं, तिला भीती आहे की बाबा तिथे जाऊन रडतील. पण तिनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं ते वेगळं होतं. "रडले तं बरंच आहे, पोरी. तिथं जाऊनही त्यायले कायीच वाटलं नाई तं?" ओवीनं तोवर गाडीत बैल-बैल सुरू केलं होतं, आणि ओवीपुढे आमच्या घरात कोणाचंच चालत नाही.

लहानपणी मी एकदाच त्या बाजारात गेले होते, बाबांच्या खांद्यावर बसून. शेणाचा, घामाचा, बिडीचा वास, आणि चिखल असा की चप्पल रुतली की सोडून द्यायची. तो बाजार कधीच गावाबाहेर गेला होता, आणि ट्रॅक्टर आल्यापासून तिथेही बैल कमी झाले होते. जुन्या जागेवर पालिकेनं सगळं नवीन केलं होतं. रंगीत फरशा, दिव्यांचे खांब, पाठ टेकता येईल असे बाक, खाण्याच्या गाड्यांची एक रांग, उघड्यावरची व्यायामाची यंत्रं, त्यावर झुलणाऱ्या दोन बायका. मधोमध सिमेंटची बैलजोडी, पांढरीशुभ्र, भोवती फोटो काढणारी मुलं. जुन्यातलं एक कडुनिंबाचं झाड तेवढं ठेवलं होतं आणि त्याला गोल कट्टा बांधला होता.

असं काही पाहिलं की उसासे टाकायची रीत आहे. गेले ते दिवस, बैल सिमेंटचे झाले, वगैरे. मला खरंच तसं वाटलं नाही. रस्त्यावरून आत जायला पायऱ्यांऐवजी उतार होता, आणि त्या उतारावरून बाबा स्वतः काठी टेकत चढले. जुना चिखल असता तर चढले असते का? शिवाय स्वच्छतागृह होतं, आणि त्याला कडी होती. आई पदर सावरत माझ्यामागून आली आणि थबकली. "मी कधीच आली नाई इथं," ती म्हणाली. खरंच होतं. बाई माणूस बैलबाजारात जात नसे. नवऱ्याचा सगळा जन्म जिथे गेला ती जागा आई पहिल्यांदा पाहत होती, बैल गेल्यावर.

बाबा सगळीकडे बघत होते. चेहऱ्यावर काही नाही. आई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. सिमेंटच्या जोडीपाशी आलो, तरी काही नाही. मी आईचा हात धरला.

कडुनिंबाच्या पलीकडे लाकडी बैलांची दुकानं लागली होती. एका सुतारबुवांनी बाबांना बसायला आपलं स्टूल दिलं. ओवीनं ओळीतला एक काळा बैल उचलला, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. "हाच," तिनं जाहीर केलं. सुतारबुवा म्हणाले, "सातशे. सागाचा आहे, बाई." विलास घासाघीस करू लागला. त्याला ते जमत नाही, तो आपल्याच दुकानात गिऱ्हाइकाला आधी लाजतो. तेवढ्यात बाबांनी डावा हात पुढे केला. ओवीनं बैल त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांचा हात बैलाच्या वशिंडावरून फिरला, मग पाठीवरून खाली, मागच्या पायापर्यंत. एक चाक त्यांनी अंगठ्यानं फिरवून पाहिलं. आईचा श्वास मला ऐकू आला.

मग त्यांनी माझा हात पकडला. शेजारी उभ्या असलेल्या आईचा पदर ओढला आणि आमच्या दोघांच्या हातांवर घेतला.

"पाह्य, पाह्य, इथंबी थंडी वाजून राह्यली त्यायले," म्हणत आई घाईघाईनं ब्लँकेटची पिशवी फाडू लागली. वाघाचं तोंड अर्धं बाहेर आलं.

पदराखाली बाबांनी माझी चार बोटं धरली. दाबली. सोडली. पुन्हा तीच चार. नेहमीसारखं मी त्यांचा हात थोपटला. त्यांनी रागानं माझा हात झटकला, पुन्हा पकडला, आणि पुन्हा चार बोटं दाबली, अशी की दुखलं. आणि त्या दुखण्यानं मी सिंदीच्या ओट्यावर जाऊन पोचले.

बाजारातून आले की बाबा ओट्यावर बसायचे, खांद्यावरचा दुपट्टा माझ्या हातावर टाकायचे आणि म्हणायचे, "सांग पोरी, आज काय भाव लागला?" दुपट्ट्याखाली माझी बोटं दाबायचे. मी बरोबर ओळखलं की शेवेची पुडी मिळायची. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. भोवती शंभर कान असतात. घेणारा आणि देणारा दुपट्ट्याखाली हातात हात घालतात, जितकी बोटं धरली तितके शेकडे. पटलं तर तळव्यासकट पूर्ण पंजा आवळायचा. नाही पटलं तर समोरच्याचा अंगठा बाजूला सारायचा. वर तोंडानं खुशाल पीकपाण्याच्या गप्पा. सौदा होतो, दावं हातात जातं, आणि भोवतीच्या माणसांना काही म्हणजे काही समजत नाही. हा खेळ मी विसरले नव्हते. पण बाबा तो उजव्या हातानं खेळायचे, दुपट्ट्याखाली, हसत. डाव्या हातानं, चादरीखाली, आजारी माणूस तो खेळेल, असं कोणाच्या मनात येणार?

"चारशे?" मी हळूच विचारलं.

बाबांनी माझा पंजा आवळला.

मी काय केलं? मी सहा म्हटलं. म्हणजे आधी त्यांची पाचही बोटं धरली, मग एक. बाबांनी माझा अंगठा असा बाजूला सारला, की मी विकणारी असते तर शरमेनं बैल घरी घेऊन गेले असते. त्यांनी पुन्हा चार दाबली. मी पाच. ते थांबले. त्यांनी बैलाच्या चाकाकडे पाहिलं, सुतारबुवांकडे पाहिलं, आणि सावकाश पंजा आवळला. माझ्या वडिलांनी माझ्याशी घासाघीस केली होती. मी तिथेच फरशीवर बसले.

"मम्मी, तू काऊन रडून राह्यली?" ओवीनं विचारलं.

मी तिला उत्तर दिलं नाही. "बाबा, मी बोलते ते समजते तुमाले?" पंजा. "ओवी कितवीत आहे?" दोन बोटं. "आज मंगळवार आहे ना?" अंगठा बाजूला. हसू आणि रडू दोन्ही एकदम येत होतं आणि नाक वाहत होतं. विलास मागे उभा होता, तो नुसता "अरे," म्हणाला, आणि थोड्या वेळानं पुन्हा "अरे."

मग मी विचारलं, "बाबा, थंडी वाजते?"

त्यांनी माझा अंगठा सारला. पुन्हा सारला. आणि आईच्या हातातल्या त्या अर्ध्या वाघाकडे अशा नजरेनं पाहिलं, की विलासला हसू आवरेना. उन्हाळ्यापासून तो माणूस आमचा हात धरून, चादर ओढून, आमच्याशी बोलत होता. पाणी हवं का याला उत्तर देत होता, आज कोणता वार ते सांगत होता, पंखा बंद करू का याला नाही म्हणत होता. आणि आम्ही त्याला गोधडीत गुंडाळत होतो.

सुतारबुवांनी बैल पाचशेला दिला. बाबांच्या हाताकडे बघून ते म्हणाले, "आमच्या बापाच्या काळातलं आहे हे. आता कोनाले येते?" आणि बैलाच्या गळ्यात वरून एक घंटी बांधून दिली.

आई मात्र हसली नव्हती. ती कडुनिंबाच्या कट्ट्यावर जाऊन बसली होती, ब्लँकेट पोटाशी धरून. मी जवळ गेले तर तिनं विचारलं, "म्हनजे सारं समजत होतं? सुरवातीपासून?"

"हाव म्हणतात, आई."

"आखाडातबी?"

मी तिच्या हातातला वाघ पिशवीत कोंबू लागले. ती दुपार मला ठाऊक आहे, हे तिला तेव्हाच कळलं असावं. तिनं चष्मा काढला, पुसला, नवी काडी कानामागे नीट बसवली. मग म्हणाली, "कसं धरायचं ते दाखव मले." मी तिला पंजा दाखवला, अंगठा दाखवला. तिनं माझ्या हातावर दोन्ही करून पाहिलं, शाळेतल्या मुलीसारखं, चुकू नये म्हणून. मग मी आणि विलासनं बाबांना धरून आणून तिच्या शेजारी कट्ट्यावर बसवलं.

"तुमी व्हा तिकडं," ती म्हणाली.

आम्ही सिमेंटच्या बैलांकडे गेलो. ओवीनं आपला काळा बैल त्या पांढऱ्या जोडीपुढे उभा केला आणि विलास फोटो काढत बसला. मी बघायचं नाही असं ठरवून बघत होते. आईनं पदर ओढून दोघांच्या हातांवर घेतला. तिचे ओठ हलले. एकदाच, थोडेसे. मग ती खाली मान घालून थांबली. किती वेळ, कोण जाणे, मला फार वाटला. पदर हलला. आई तशीच बसून राहिली, बाबाही. कडुनिंबाची पिवळी पानं त्या दोघांवर पडत होती आणि कोणी ती झटकत नव्हतं. मग आईनं मोकळ्या हातानं डोळे पुसले आणि मोठ्यानं हाक मारली, "जवाईबापू, दुकान बंद व्हायच्या आंदी हे ब्लँकेट परत करून या. याच्या बदल्यात पातळ चादर भेटन का पाहा."

तिनं काय विचारलं ते मला ठाऊक आहे. त्यांनी काय उत्तर दिलं ते मी आजवर विचारलेलं नाही. दुपट्ट्याखाली जे ठरतं ते तिसऱ्यानं विचारायचं नसतं, हा त्या बाजाराचा कायदाच होता. एवढंच सांगते, की परतीच्या वाटेवर आईनं बाबांना पुढे बसू दिलं नाही. विलासशेजारी मी बसले. ओवी मागे मधे बैल घेऊन झोपली होती, आणि तिच्या डोक्यावरून दोन म्हातारे हात पदराखाली एकमेकांत होते. खिडक्या पूर्ण उघड्या होत्या. आईनं उपवासाचा डबा उघडून बाबांना एक घास भरवला, विचारलं, "मीठ बरोबर आहे?" आणि लगेच म्हणाली, "नाई? मग इतके दिवस काऊन खाल्लं मुकाट्यानं?" विलास हसताना गाडी जरा रस्त्याच्या कडेला गेली.

पुढे डॉक्टरांनी ते हाताचं बोलणं पाहिलं आणि खूश झाले. याच्यावरच पुढे काम करू म्हणाले. एक-दोन शब्द परतही आले आहेत. 'पाणी' येतो, 'ओवी' येतो, आणि एक शिवी येते, ती मात्र स्वच्छ. बाकी सगळं अजून पदराखालीच चालतं. फक्त आकड्यांवर आणि हो-नाहीवर माणसाचं किती भागतं, याचं मला आश्चर्य वाटतं. प्रश्न नीट विचारावा लागतो, एवढंच. आणि बाबांना नीट प्रश्न कसा विचारायचा हे आईइतकं कोणाला येत नाही. जन्मभर तिला विचारायला सवडच मिळाली नव्हती.

परवा दुपारी गिऱ्हाईक ओसरलं होतं. मी गोंडे दोऱ्यात ओवत बसले होते. मागच्या खोलीत दोघांचं भांडण लागलेलं. मला त्यातलं अर्धंच ऐकू येतं, कारण अर्धं बोललंच जात नाही. "नाई म्हनजे?" आई म्हणत होती. "मी काऊन जाऊ तुमच्या बहिनीकडं? तिनं मले लगनात काय म्हटलं ते सांगितलं ना तुमाले." मग थोडं थांबून, "तिनं नाई म्हटलं? मग कोनं म्हटलं, तुमच्या बैलानं?" मग पुन्हा, "गळ्याकडं हात नेऊन घुंगरमाळा मधे काऊन आनून राह्यले तुमी?" माझे गोंडे हातातून सांडले. आईचा आवाज चढत गेला, चढत गेला, आणि मधेच थांबला. मी कान दिला. आत शांत होतं. विलासनं गल्ल्यावरून मला खूण केली, काय झालं? मी त्याला सांगितलं, "कायी नाई. बाबा बोलून राह्यले."